आमच्या ग्रुपातले नऊ इराणी

किस्से जमवायला कुणी बसत नाही हो. ते आपोआप साठतात, फ्रिजच्या दारावर मॅग्नेट साठतात तसे. एक दिवस दूध काढायला जावं आणि लक्षात यावं, अरे, दाराचा रंगच दिसत नाहीये! माझं तसं झालंय. माझा नवरा विल्सन म्हणतो, "रोज जेवताना तेच किस्से घेऊन बसतेस. एकदा सगळं सांगून मोकळी हो." म्हणून सांगते.

मी रजनी लोपीस. मूळची वसईची, आता कॅनडातल्या मिसिसागाची. टोरोंटोच्या उत्तरेला, यंग स्ट्रीटला लागून, म्हाताऱ्या माणसांचं एक डे सेंटर आहे. तिथे मी ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर. सकाळी दहाला व्हॅनमधून आजी-आजोबा येतात. चहा, खुर्चीत बसून व्यायाम, बिंगो, जेवण, थोडी डुलकी, आणि चारला परत घरी. भाषेप्रमाणे ग्रुप केलेत. चिनी, कोरियन, रशियन. माझ्याकडे इराणी. नऊ जण.

तीन वर्षांपूर्वी मला वाटायचं, इराणी म्हणजे इराणी. त्यात काय विचारायचं? आता कुणी नुसतं "इराणी" म्हणालं ना, की मी आधी खुर्ची ओढून बसून घेते!

*

पहिलाच दिवस. ट्रेनमध्ये येता-येता यूट्यूबवरून फारसी पाठ केलं होतं. "सोब्ह बेखैर." म्हणजे गुड मॉर्निंग. दारात उभी राहून एकेकाला ऐकवत होते. सगळे खूश. मग एक उंच आजोबा आले. टाय, पॉलिश केलेले बूट, हातात घडी केलेला पेपर. मी म्हटलं, "सोब्ह बेखैर!"

ते म्हणाले, "सबाहिनिझ खैर."

मी बावचळले. "हे फारसी नाही का?"

"तुर्की," ते इंग्रजीत म्हणाले. "मी तुर्क."

हे हैदरी आगा, म्हणजे हैदरीसाहेब. रेल्वेतले रिटायर्ड इंजिनियर, इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं. पण मला त्या वेळी काय माहीत! मी धावत लिंडाकडे. लिंडा म्हणजे आमची मॅनेजर. बाई मनाने सोन्यासारखी, पण तिचा देवापेक्षा यादीवर जास्त विश्वास. मी म्हटलं, "एक तुर्कस्तानचे गृहस्थ चुकून आपल्या ग्रुपात आलेत." लिंडाने लगेच फॉर्म काढला, इराणवर काट मारली, टर्की लिहिलं, आणि हैदरी आगांना नेऊन दोन इटालियन आज्यांच्या टेबलावर बसवलं.

ते बिचारे तासभर शांतपणे बिंगो खेळले. एक गेम जिंकलेसुद्धा. मग जेवणाच्या वेळी उठून माझ्याकडे आले.

"मॅडम, इराकशी युद्ध झालं तेव्हा मी दोन वर्षं आघाडीवर होतो. रूळ दुरुस्त करायला. इराकच्या अख्ख्या सैन्याला मला इराणबाहेर काढता आलं नाही. तुमच्या लिंडाने बॉलपेनने काढलं!"

तेव्हा कळलं की तिकडे तब्रीझच्या बाजूला घराघरात तुर्की बोलतात, आणि तरी ते सगळे इराणीच. मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "असू दे. इटालियन बायका छान होत्या."

*

काक रहमान हे आमचे दुसरे आजोबा. कुर्द. कुर्दीत 'काक' म्हणजे दादा. गालावर मिशा रुळताहेत असा माणूस, पण आवाज एकदम मऊ. एका बुधवारी आले ते डोळे लाल, पावलं अडखळतायत. मी विचारलं, "काक रहमान, बरं नाही का?"

त्यांनी अंगठा तोंडाशी नेला, मान मागे टाकली आणि म्हणाले, "दारू खोर्दम."

सकाळचे दहा! आणि वर हसतायत! मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला वाकले. वास पुदिन्याचा. म्हटलं, वा, वास लपवायची सोयसुद्धा करून आलेत! घाबरून हैदरी आगांना हाक मारली. "यांना घरी पाठवायला लागेल. दारू पिऊन आलेत. सेंटरची पॉलिसी आहे."

हैदरी आगा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. फारसीत 'दारू' म्हणजे औषध! सर्दीचं औषध घेऊन आले होते, त्याने झोप येत होती.

मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. समोरच्या दुकानावर इंग्रजी अक्षरांत मोठ्ठं 'दारूखाने' लिहिलंय. बाहेर कायम वॉकर घेतलेल्या म्हाताऱ्यांची ये-जा. महिनाभर मी मनात म्हणत होते, काय पण शौकीन लोक आहेत! ते केमिस्टचं दुकान होतं!

हे सगळं हैदरी आगांकरवी काक रहमानना समजावून सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "आमच्या कुर्दीत औषधाला 'दरमान' म्हणतात. तुला कळावं म्हणून फारसीत बोललो. आपल्या भाषेत बोललो असतो तर अब्रू वाचली असती!"

*

मार्चमध्ये नवरोज. यांचं नवीन वर्ष. लिंडाला सरप्राइज द्यायची हौस. सोमवारी सगळे आत आले तर भिंतभर पोस्टर्स, सोनेरी अक्षरांत शुभेच्छा. लिंडा टाळ्या वाजवत उभी.

कुणी हसेना. कुणी बसेना. नऊच्या नऊ जण कोट न काढता उभे!

आमच्यात परवीन खानम, म्हणजे परवीनबाई, आहेत. तेहरानच्या. मोत्यांची माळ, लिपस्टिक, पाठ ताठ. आयुष्यभर सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर. त्या पुढे झाल्या. "लिंडा, हे अरबीत आहे."

"हो!" लिंडा म्हणाली. "तुमच्यासाठीच!"

"आम्ही अरब नाही. इराणमध्ये अरब नाहीत. लिहून घे!"

लिंडाने खरंच पेन काढलं. तेवढ्यात मागून एक हात वर आला. अबू जासिम. दक्षिणेकडचे, खोर्रमशहरचे, बंदरावर काम केलेले. सहा महिने माझ्या ग्रुपात होते, आणि मी त्यांना कधी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं.

"खानम," ते म्हणाले, "मग मी कोण?"

"तुम्ही दक्षिणेचे!"

"हो. दक्षिणेचा अरब. माझा बाप अरब, आई अरब, बायको अरब. घर इराणमध्ये. मी आहे ना इथे, उभा."

परवीन खानम मोत्यांच्या माळेशी चाळा करायला लागल्या. मी त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं. लिंडाला तर आता नेमकं काय लिहायचं तेच कळेना.

अबू जासिम भिंतीपाशी गेले, सगळी पोस्टर्स हळूच उतरवली, गुंडाळी करून काखेत मारली. "मी घेऊन जातो. वाचून कळणारा इथे मी एकटाच आहे." मग लिंडाच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. पण दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलंय."

*

बीबी गोहर आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या फाइलवर लिहिलं होतं, 'बोलत नाहीत.' त्या तीन महिने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. भरतकाम केलेला झगा, नाकात फुली, नजर खिडकीबाहेर. फारसीत विचारलं तर अर्धवट मान हलवायच्या. मुलगा ट्रक चालवतो, तो सकाळी सोडायचा आणि जायचा. सगळ्यांनी धरून चाललेलं की डोक्यावर परिणाम झालाय. मीही धरून चाललेले. खोटं कशाला बोलू?

जानेवारीत एकदा बर्फ साठलेला, आमचा व्हॅन ड्रायव्हर गुरमीत पाजी गाडी लावत होता. मी दार उघडून ओरडले, "पाजी, गाडी थोड़ा पीछे लो! बुज़ुर्ग लोग फिसल जाएँगे!"

माझ्या पाठीमागून आवाज आला, "और उससे कहो, बेटी, हीटर भी चलाया करे. घुटने जम जाते हैं."

माझ्या हातातला चहाचा ट्रे सुटला. खरंच सुटला! सहा कप गेले. मागे कोण उभं होतं? बीबी गोहर!

इराणच्या अगदी आग्नेय टोकाला, समुद्राकाठी बलुच लोक राहतात. बीबी गोहर तिथल्या. बहीण कराचीत दिलेली, यांचं अर्धं आयुष्य तिच्याकडे जाण्या-येण्यात गेलं. फारसी मोडकंतोडकं, उर्दू मात्र एकदम साफ! आख्ख्या इराणी ग्रुपात ज्या एका बाईशी मला इंग्रजीशिवाय मोकळ्या गप्पा मारता आल्या असत्या, ती तीन महिने कोपऱ्यात बसून होती.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "बीबी, तीन महीने आप कुछ बोलीं क्यों नहीं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. लहान मुलीला समजावावं तशा म्हणाल्या, "पहले हफ़्ते बहुत बोली, बेटी. फिर थक गई."

*

माझं आडनाव लोपीस. त्यामुळे परवीन खानम वर्षभर मला जाता-येता "ग्रासियास" म्हणायच्या, म्हणजे स्पॅनिशमध्ये थँक्यू. त्यांना वाटायचं मी मेक्सिकोची. मी म्हटलं, "खानम, मी इंडियाची."

झालं. सगळ्यांच्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे तू हिंदू?"

"नाही. कॅथलिक."

"मातृभाषा हिंदी?"

"नाही. मराठी. म्हणजे शाळेत मराठी, चर्चमध्ये मराठी. घरी आमची सामवेदी बोली. ती वसईतल्या काही गावांबाहेर कुणाला धड कळत नाही."

"मग हिंदी?"

"ती गुरमीतशी."

"आणि मुलीशी?"

"मी मराठीत बोलते. ती इंग्लिशमध्ये उत्तर देते."

मग हैदरी आगांनी पेपर खाली ठेवला. बोटं मोजायला लागले. "आडनाव पोर्तुगीज. देव रोमचा. बोली गावची. शाळा मराठी. देश भारत. पासपोर्ट कॅनडाचा." सहावं बोट शोधायला त्यांना दुसरा हात लागला. "आणि तू, रजनी जान, तू मला विचारत होतीस, तुर्क असून इराणी कसे?"

अबू जासिम माझ्या मदतीला धावले. दाराकडे बघत हळूच म्हणाले, "हे लिंडाला सांगू नका. तिच्याकडे पेन आहे."

*

एमिली नावाची एक रिसर्च स्टुडंट आली होती. गोड मुलगी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. इराणी लोक स्वतःला काय समजतात, यावर तिचा अभ्यास. तिने फॉर्म वाटले. 'तुम्ही स्वतःला कोण मानता?' पुढे चौकोन. फारसी, तुर्क, कुर्द, अरब, बलुच, इराणी. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'एकच निवडा.'

त्या फॉर्मांचं काय झालं ते ऐका. हैदरी आगांनी दोन चौकोनांवर खुणा केल्या आणि 'एकच' हा शब्द खोडून 'दोन' लिहिलं. परवीन खानमनी 'इराणी' वर अशी खूण केली की कागद फाटला. बीबी गोहरना वाचता येत नाही, त्यांनी मला विचारलं, "कौन सा डिब्बा अच्छा है?" काक रहमाननी सगळ्यांत मोठ्या आवाजात जाहीर केलं, "मी इराणी नाही. मी कुर्द. बस!" आणि कुर्दच्या चौकोनात आख्खा अंगठा रंगवून उठवला. त्यावर परवीन खानम भडकल्या. मग जी जुंपली, बापरे! जुनी युद्धं, जुने राजे, कुणाचे कोण मेले, कुणाच्या शाळा बंद झाल्या. रडारड, बोटं नाचवणं. काक रहमानचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. ब्लडप्रेशर मोजायचं मशीन आणू का, असा मी विचार करत होते.

एमिली घाबरली. वातावरण शांत करायला म्हणाली, "म्हणजे खरं तर इराण असा एक देश नाहीच आहे ना? नुसते वेगवेगळे तुकडे एकत्र ठेवलेत."

नऊ डोकी एकदम वळली.

सगळ्यांत आधी उठले काक रहमान. तेच, अंगठावाले! मिशा थरथरतायत. एमिलीच्या नाकासमोर बोट धरून म्हणाले, "हे मी म्हणू शकतो. तू नाही!"

आणि परवीन खानमनी त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

*

त्याच काक रहमानचा आणखी एक. हा हसण्यासारखा नाही.

वॉशरूममध्ये पाय घसरून पडले. डोकं सिंकवर आपटलं, रक्त थांबेना. मी टॉवेल दाबून बसले, लिंडाने ॲम्ब्युलन्स बोलावली. ते अर्धवट शुद्धीत, आणि एकच जप, "हेरो... हेरो..." मी फाइल बघितली. नातेवाईक एकच, मुलगी मरियम. हेरो कोण? बायको तर कधीच गेली. म्हटलं, मुलीला विचारू.

ॲम्ब्युलन्सवाले आले. युनिफॉर्म, बूट, हातात फॉर्म. त्यातल्या एकाने वाकून मोठ्याने विचारलं, "सर, मुलीचं नाव काय?"

काक रहमाननी डोळे उघडले. युनिफॉर्म पाहिला. फॉर्म पाहिला. आणि एकदम स्पष्ट म्हणाले, "मरियम."

तो पेन घेऊन बाजूला झाला, की परत, "हेरो... हेरो..."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मुलगी भेटली. कोटाची बटणंसुद्धा उलटसुलट लागलेली. मी तिला धीर दिला, टाके पडलेत, धोका नाही. मग विचारलं, "हेरो कोण? सारखे तिला बोलावत होते."

ती म्हणाली, "मीच."

तिच्या जन्माच्या वेळी नाव नोंदवायला बाप गेला, तर टेबलापलीकडच्या माणसाने सांगितलं, हे कुर्दी नाव चालणार नाही, दुसरं आण. म्हणून कागदावर मरियम, घरात हेरो. हेरो म्हणजे त्यांच्या डोंगरातलं एक फूल.

मी सांगितलं, ॲम्ब्युलन्सवाल्याला मात्र त्यांनी मरियमच सांगितलं. डोक्यातून रक्त वाहत असताना! ती भिंतीला टेकत खाली बसली. म्हणाली, "माझ्या बापाने मला जन्मात कधी मरियम म्हटलेलं नाही. त्याला वाटलं असणार, खरं नाव सांगितलं तर हे लोक मला आत सोडणार नाहीत."

*

आता शेवटचा. हा मी फारशी कुणाला सांगत नाही. परवीन खानम अजून आमच्याकडेच येतात, हे आधीच सांगून टाकते, उगीच तुमच्या जिवाला घोर नको.

ग्रुपात त्यांचा दरारा. कुणी दुसऱ्या भाषेत कुजबुजलं की टेबलावर अंगठी वाजवायच्या, "फारसी, प्लीज!" आपल्याकडे सरदारजींवर विनोद सांगतात ना, तसे इराणमध्ये तुर्कांवर सांगतात. ते विनोद सगळ्यांत जास्त त्यांच्याकडे. हैदरी आगांसमोर सांगायच्या, आणि तेही सभ्यपणे हसायचे.

मागच्या हिवाळ्यात खानमना छोटासा स्ट्रोक आला. हातपाय वाचले. पण आधी इंग्लिश गेलं, मग काही महिन्यांत फारसी गळायला लागलं. वाक्य सुरू करायच्या, मध्येच थांबायच्या, आणि पुढे नुसती पुटपुट. मुलगा कामरान, बँकेत मोठा साहेब, सहा वर्षांचा असताना टोरोंटोत आलेला. आईशी जे काय फारसी बोलायचा तेवढंच त्याचं फारसी. डॉक्टर त्याला म्हणाले, शब्द राहिले नाहीत, उरलेत ते फक्त आवाज.

त्या रडायला लागल्या की बाकीचे अस्वस्थ व्हायचे, म्हणून आम्ही त्यांना बाजूच्या छोट्या शांत खोलीत बसवायचो. मी आत गेले की माझं मनगट घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, "सू... सू..."

मी मराठी बाई. 'सू' म्हटल्यावर मला काय वाटणार! मी त्यांना वॉशरूमला न्यायचे. दिवसातून चार-पाचदा. त्या तिथे बसून माझ्याकडे बघायच्या आणि आणखी रडायच्या. फाइलवर मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं, 'सू म्हणाल्या की लगेच वॉशरूमला न्या.'

हैदरी आगा तेव्हा व्हँकुव्हरला मुलीकडे गेलेले. दोन महिने.

ते परत आले त्या दिवशी दुपारी कामरानही आला होता. हातात नर्सिंग होमचे कागद. कुलूपबंद वॉर्ड, जिथून पेशंट एकटे बाहेर पडू शकत नाहीत. बेड मिळाला होता, त्याला आमच्या रोजच्या नोंदी हव्या होत्या. त्याचे डोळे सुजलेले. "रजनी, ती मला ओळखत नाही. बोलायला शब्दच नाहीत तर मी तिला घरी ठेवून काय करू?"

खानमनी माझं मनगट धरलं. "सू..."

मी म्हटलं, "चला, वॉशरूमला जाऊ."

दारात हैदरी आगा उभे होते. व्हँकुव्हरहून खानमसाठी आणलेला चॉकलेटचा डबा हातात. म्हणाले, "कुठे नेतेस त्यांना?"

"त्यांना जायचंय."

"जायचं नाहीये! पाणी मागतायत त्या!"

हैदरी आगा पुढे आले, दुखरा गुडघा टेकून त्यांच्यासमोर बसले, आणि हळूच काहीतरी विचारलं. तुर्कीत.

खानमचं रडं थांबलं. त्या आगांकडे बघत राहिल्या. आणि मग बोलायला लागल्या. वाक्यांमागून वाक्यं! हातवारे, प्रश्न, मध्येच एक हसू. दोन महिने आम्ही ज्याला पुटपुट म्हणत होतो ना, ती थोडी वर उचलली, तर आख्खी भाषा!

हैदरी आगा तसेच जमिनीवर बसले. म्हणाले, "ही शहरातली तुर्की नाही. डोंगरातल्या गावांची आहे. माझी आजी अशी बोलायची. ही शिकून येत नाही."

"शक्यच नाही!" कामरान ओरडला. "आम्ही तेहरानचे! माझ्या आईला तुर्कीचा एक शब्द येत नाही!"

मी पाणी आणलं. खानमनी ग्लास दोन्ही हातांनी धरून घटाघटा रिकामा केला. दुसरा आणला. तिसरा आणला.

कामरान आईच्या पायाशी बसला. कागद खाली पसरले, त्याने उचललेही नाहीत. हैदरी आगांचा हात धरून म्हणाला, "तिला विचारा, मी कोण आहे. मला ओळखते का, विचारा."

आगांनी विचारलं.

खानमनी कामरानकडे पाहिलं. नीट पाहिलं. पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसल्या. मग आगांची बाही ओढून त्यांना जवळ घेतलं, कानाशी तोंड नेलं, आणि कुजबुजल्या. "यावाश, यावाश," एवढंच मला ऐकू आलं.

हैदरी आगा हळूच मागे सरकले.

"काय म्हणाली?" कामरानने विचारलं.

आगा माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघितलं.

"सांगा ना, काय म्हणाली?"

"म्हणाल्या," हैदरी आगा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "'हळू, हळू बोल. हा माणूस चांगला आहे, रोज येतो. पण हा आपल्यातला नाही. याच्यासमोर तुर्की बोलू नकोस.'"